धनजच्या हरकाऱ्याचा विमा

कारंजाहून धनजला टपालाची थैली नेणारा हरकारा जब्बार याने १९३७ सालच्या फेब्रुवारीत विम्याचा अर्ज भरला, तेव्हा त्याच्या आईने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

विमा तोपर्यंत खुर्चीवर बसणाऱ्यांचा होता. त्या वर्षी परिपत्रक निघालं, की सरकारी नोकरांच्या विम्यात हरकारे, शिपाई, चौकीदार यांनाही नाव घालता येईल. धनजच्या शाळेचे मास्तर जानराव हेच गावचं पोस्टही सांभाळत. शाळेच्या कोपऱ्यातली एक पेटी, एक तराजू आणि एक शिक्का एवढंच ते पोस्ट. जानराव गुरुजींनी परिपत्रक जब्बारला वाचून दाखवलं आणि जब्बारने घरी येऊन बायकोला, सुगराबीला, सांगितलं.

"मी मेलो तं तुले अन् पोरीयले पैसे भेटतीन. नाई मेलो तं म्हातारपनी मलेच भेटतीन," तो हसत म्हणाला. "दोन्हीकडून आपलाच फायदा."

सुगराबी चुलीपुढे भाकर थापत होती. तिने हात थांबवले नाहीत. "मंग भरून टाका," ती म्हणाली. "दोन पोरी हायेत. त्याहीच्या नावानं काई तं असू द्या."

जब्बारची आई अमीनाबी मात्र भडकली. "जित्या मानसाच्या मौतीचे कागद करता? असं कोनी करते काय? आपल्या हातानं बला घरात घेता?"

पण सुगराबी हटली नाही. तिचा बाप कारंजाच्या कापसाच्या जिनात कामाला होता आणि एका दुपारी कापसाची गठाण अंगावर पडून मेला होता. त्यानंतरची चार वर्षं तिला आठवत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "अम्मीचं मी पाहून घेईन. तुमी कागद भरा."

अर्ज भरला. मार्चमध्ये कारंजाच्या दवाखान्यात डॉक्टरने जब्बारची छाती तपासली आणि असली छाती असलेला माणूस नव्वद वर्षं जगतो, असं म्हणून सही केली. कागद वर गेले. मग वाट पाहणं आलं. जब्बार रोज शाळेच्या ओट्यावर थैली ठेवताना विचारायचा, "गुर्जी, मायं काई आलं काय?" आणि गुरुजी म्हणायचे, "अरे, आनशीन तं तूच. तुलेच पयले समजीन."

एप्रिलच्या सत्तावीस तारखेला, मंगळवारी, ऊन असं होतं की गुरांनी सकाळी नऊलाच झाडाखाली बसकण मारली. मूर्तिजापूरहून येणारी छोटी रेल्वेगाडी त्या दिवशी उशिरा आली, त्यामुळे जब्बारला कारंजातून निघायलाच दहा वाजून गेले. दुसरा एखादा संध्याकाळपर्यंत थांबला असता. जब्बारच्या बारा वर्षांच्या नोकरीत थैलीचा दिवस कधी चुकला नव्हता. तो डोक्याला ओला पंचा बांधून निघाला.

धनजला तो पोचला तेव्हा दुपारचे दोन झाले होते. गुरुजींना हरकाऱ्याच्या काठीच्या घुंगरांचा आवाज आला म्हणून ते बाहेर आले. जब्बारचा चेहरा लालभडक झाला होता आणि अंगावर घामाचा थेंब नव्हता. त्याने थैली गुरुजींच्या हातात दिली, घुंगरांची काठी भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि ओट्यावर बसला.

"गुर्जी, पानी."

गुरुजी माठाकडे धावले. पाणी घेऊन आले तोवर जब्बार आडवा झाला होता. कांद्याचा रस झाला, ओली चादर झाली, हाकांवर हाका झाल्या. सुगराबी धावत आली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, पण तिला ओळखलं की नाही हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तासाभरात सगळं संपलं.

जब्बारला घरी नेलं. इकडे गुरुजींनी थैली फोडली, कारण टपाल सरकारचं होतं, लोकांचं होतं, आणि ते फोडणं भाग होतं. आत सात साधी पत्रं होती, एक मनीऑर्डर होती आणि एक रजिस्टर पत्र होतं. रजिस्टर पत्रावर नाव होतं: शेख जब्बार, हरकारा, धनज. कोपऱ्यात विमा मंजुरीचा शिक्का होता.

ते घेऊन गुरुजी जब्बारच्या घरी आले. अंगणात गावातले लोक जमले होते. पाटील इंद्रभान पुढे होते. गुरुजींनी त्यांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं, "विमा मंजूर झाला, पाटील. पन परिपत्रकात असं लिवलं हाय, की हे पत्र सही देऊन नोकराच्या स्वाधीन झालं, त्या दिवसापासून विमा लागू. अन् सही द्यायले आता..."

पाटलांनी एकदा आत पाहिलं. माणूस वाईट नव्हता. जब्बारवर त्यांचा जीव होता. "मातीले अजून वेळ हाय," ते म्हणाले. "शाई आना. अंगठा लावून घेऊ. तो दोन वाजता जित्ता होता हे साऱ्या गावानं पाह्यलं. कोन बोलनार हाय?"

गुरुजींच्या खिशात शाईची डबी होती. ती त्यांनी येतानाच खिशात घातली होती, हे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी कबूल केलं. दोघे दारापाशी आले आणि पाटलांनी सुगराबीला हळूच सगळं समजावून सांगितलं.

सुगराबी नवऱ्याच्या उशाशी बसली होती. ऐकून घेऊन ती उठली आणि दारात आडवी उभी राहिली.

"त्यायले सही येत होती, पाटील," ती म्हणाली. "गुर्जीनंच शिकोली होती. बारा वर्षांत त्याहीनं कोठी अंगठा नाई लावला. आता मेल्यावर तुमी त्याहीले लबाड करता काय?"

"बाई, पोरीयचं पाय."

"पोरीयचंच पाहून राह्यली. उद्या त्या मोठ्या होतीन. त्याहीच्या बापाचा हात कोनी धरून शाईत बुडोला, हे मी त्याहीले सांगू काय? नाई. हा हात कोनी धराचा नाई."

गुरुजींनी मान खाली घातली. त्यांनी शाईची डबी बाहेर काढलीच नाही. संध्याकाळपूर्वी जब्बारला माती दिली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पत्राच्या पाठीवर खरं तेच लिहिलं, की पत्ता असलेला इसम पत्र देण्यापूर्वी मयत झाला, आणि पत्र परत पाठवलं. सोबत सुगराबीच्या नावाचा अर्जही लिहिला.

अमीनाबीने त्या दिवसांत सुनेला फार बोल लावले. "तूच कागद भरायले लावला. मौतीले घर दाखोलं." सुगराबी उलटून बोलली नाही. कधीकधी तिला स्वतःलाच ते खरं वाटायचं. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

जूनच्या शेवटी वरच्या ऑफिसचं उत्तर आलं. सुगराबी नवरा गेल्यावरच्या इद्दतीत होती, चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नव्हता. म्हणून गुरुजींनी दाराबाहेर खाटेवर बसून वाचून दाखवलं. मंजुरीचं पत्र नोकराच्या स्वाधीन झालं नाही, त्याची सही नाही, सबब विमा लागू झाला नव्हता आणि रक्कम देता येत नाही. या निर्णयावर कोणाला काही म्हणायचं असेल, तर मृत्यूपासून सहा महिन्यांच्या आत डाक इन्स्पेक्टरसमोर म्हणावं.

दाराच्या पडद्यामागून सुगराबीचा आवाज आला. "गुर्जी, पुन्हा वाचा. ते 'स्वाधीन'वालं."

गुरुजींनी वाचलं.

"स्वाधीन म्हंजे काय?"

"म्हंजे ताब्यात येनं. सही देऊन हातात घेनं."

"मंग ते पत्र आलं कसं धनजले?"

"थैलीत आलं."

"थैली कोनाच्या हातात होती?"

गुरुजींनी कागदावरून मान वर केली.

"अन् कारंजाले थैली घेताना ते सही नोते देत काय?" सुगराबी पडद्याआडून विचारत होती. तिचा आवाज हळूहळू चढत होता. "मले रोज सांगत, आज दोन रजिस्टर होते, आज एक होतं, सही करून घेतले. गुर्जी, त्या दिवशीच्या रजिस्टरची सही कोठी हाय?"

जानराव गुरुजी खाटेवरून उठले. त्यांच्या हातातला कागद खाली पडला, तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही. वीस वर्षं ते पोस्ट सांभाळत होते. कारंजात रजिस्टर पत्रांची वेगळी यादी होते, प्रत्येक पत्राचा नंबर आणि नाव लिहिलेलं असतं आणि खाली हरकारा सही करतो, हे त्यांना पाठ होतं. पण ती यादी आणि हा विमा त्यांनी कधी एका जागी ठेवून पाहिले नव्हते.

"मी आजच लिवतो," ते म्हणाले. "ते यादी जपून ठेवा म्हनून लिवतो."

"लिवा. पन बोलीन मी. इद्दत झाली की मी सोता कारंजाले जाईन."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डाक इन्स्पेक्टर मोहनसिंग कारंजाच्या दौऱ्यावर येणार, असं कळलं. पाटील इंद्रभानांनी आपली बैलगाडी दिली. त्या दिवशीच्या अंगठ्याच्या बोलण्याबद्दल ते मनात खजील होते, म्हणून गाडी स्वतःच हाकायला बसले. गाडीत गुरुजी होते, सुगराबी होती, आणि कोणी न बोलावता बुरखा घालून येऊन बसलेली अमीनाबी होती.

"तुमी कायले येता, अम्मी?" सुगराबीने विचारलं.

"माया पोराची सही हाय," म्हातारी म्हणाली. "मले पाहाची हाय."

वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी कमरेएवढी वाढली होती. एका वळणावर गुरुजींनी सांगितलं, की जब्बार इथल्या विहिरीवर पाणी प्यायचा. सुगराबीने मान वळवून ती विहीर नजरेआड होईपर्यंत पाहिली.

कारंजाच्या पोस्टात मोहनसिंग टेबलामागे बसले होते. उंच, मिशीवाला, कमी बोलणारा माणूस. शेजारी पोस्टातले जुने कारकून उकंडराव एक जाड पुठ्ठ्याची फाईल घेऊन उभे होते. गुरुजींनी अर्ज पुढे ठेवला आणि सगळी हकीकत थोडक्यात सांगितली.

मोहनसिंगांनी फाईल उघडली. सत्तावीस एप्रिलची यादी काढली. तिच्यावर एकच नोंद होती: रजिस्टर नंबर, आणि पुढे नाव, शेख जब्बार, हरकारा, धनज. त्याखाली घेणाऱ्याची सही. जरा तिरपी, मोठ्या अक्षरांची, 'जब्बार'.

अमीनाबीने बुरख्याची जाळी वर केली. तिला वाचता येत नव्हतं. "हे हाय?" तिने विचारलं, आणि उकंडरावांनी बोट ठेवून दाखवलं. म्हातारीने सहीकडे पाहिलं आणि तोंडावर बुरख्याचं टोक धरलं.

"सही आहे, हे मान्य," मोहनसिंग म्हणाले. आवाज रुक्ष होता, पण कडवट नव्हता. "पण बाई, ही सही त्याने हरकारा म्हणून केली. थैली मोहरबंद होती. ती फोडायचा त्याला अधिकार नव्हता. पत्र त्याच्याजवळ सरकारची अमानत म्हणून होतं, त्याचं म्हणून नव्हतं. यावर काय म्हणणं आहे?"

गुरुजींनी सुगराबीकडे पाहिलं. ती दोन पावलं पुढे आली. 

"साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी ते वाटंत पडले असते, अन् थैली कोन्या चोरानं नेली असती, तं तुमी कोनाले पकडलं असतं?"

"हरकाऱ्यालाच जबाबदार धरलं असतं."

"काहून?"

"कारण थैली त्याच्या ताब्यात..." मोहनसिंग बोलता बोलता थांबले.

"हो," सुगराबी म्हणाली. "ताब्यात. पत्र हरवलं असतं तं तुमी म्हनले असते, जब्बार, तुया ताब्यात होतं, तुई सही हाय. मंग नाई हरवलं, तं ताबा कोनाचा? जिम्मा घ्यायच्या वक्ती त्याहीचा, अन् फायदा द्यायच्या वक्ती सरकारचा, असं कसं होईन? विमा कोन्या मानसाचा होता, साहेब? जब्बार नावाच्या मानसाचा नाई. जब्बार हरकाऱ्याचा होता. हरकारा होते म्हनून विमा भेटला. अन् हरकारा म्हनूनच सही करून त्याहीनं ते पत्र घेतलं. मंग दोन जब्बार कोठून आनले तुमी?"

बाहेर बाजारात कोणीतरी भाजीचा भाव ओरडत होतं.

तेव्हा उकंडराव पुढे झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "साहेब, एक सांगाचं राह्यलं. मी इतके दिवस बोललो नाई, कारन कोनी विचारलं नाई, अन् मले वाटलं तेच्यानं काई होत नसंन. त्या दिवशी यादी मीच लिवली. नाव वाचून मीच त्याले म्हनलं, जब्बार, तुयंच पत्र आलं रे, विम्याचं. मोहर लावायच्या आधी हातात घेऊन पाय. त्यानं घेतलं. पाकिटावर आपलं नाव वाचलं, मंजुरीचा शिक्का मी वाचून दाखोला. लय हसला. मी म्हनलं, ठेवून घे, सही तं केलीच हाय. तं म्हने, नाई, थैलीत टाका. गुर्जीच्या हातून घीन, रीतीनं."

सुगराबी उकंडरावांकडे पाहत राहिली. "त्याहीले माईत होतं?" तिने विचारलं. "मंजूर झालं हे माईत होतं?"

"होतं, बाई. हातात घेतलं होतं त्यानं. जाताना गानं म्हनतच गेला."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्याच वेळी ती हसत होती. साडेचार महिने तिला वाटत होतं, की तो त्या उन्हात काहीच न कळता, वाट पाहतच गेला. तो तर आनंदात चालला होता. पोरींची सोय झाली, हे माहीत असलेला बाप त्या वाटेने आला होता.

मोहनसिंगांनी यादी पुन्हा पुढे ओढली. मग त्यांनी उकंडरावांची जबानी लिहून घेतली, खाली त्यांची सही घेतली आणि लिहिताना प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःचं म्हणून लिहिलं: "मंजुरीचं पत्र सत्तावीस एप्रिल रोजी सकाळी कारंजा येथे नोकराने स्वतः हातात घेतलं आणि सही दिली. सबब त्या क्षणापासून विमा लागू झाला, असं माझं मत आहे. पत्र पुन्हा थैलीत ठेवणं हा त्याच्या इमानदारीचा भाग होता. त्यासाठी त्याच्या कुटुंबाचं नुकसान होणं बरोबर नाही."

टाक खाली ठेवून ते म्हणाले, "वरचं उत्तर यायचं आहे, बाई. पण मी इतकी वर्षं हे काम करतो आहे. मला कोणी अजून असा सवाल केला नव्हता."

उत्तर नोव्हेंबरमध्ये आलं. देवला नावाचा नवा हरकारा थैली घेऊन गावाच्या सीमेवर आला तेव्हाच ओरडत आला, कारण कारंजात उकंडरावांनी त्याला सांगून टाकलं होतं. शाळा सुटली. गुरुजींनी ओट्यावर उभं राहून पत्र वाचलं, आधी इंग्रजी, मग मराठी. विमा सत्तावीस एप्रिलपासून लागू होता. पूर्ण रक्कम शेख जब्बार यांच्या विधवेस देण्यात यावी.

पाटील इंद्रभानांनी फेटा काढून हवेत फेकला. वयाच्या साठाव्या वर्षी माणूस असा वागतो हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं. बायका सुगराबीभोवती गोळा झाल्या. मनकर्णाबाई नावाची एक शेजारीण तिला मिठी मारून रडली आणि लगेच तिच्या पोरींना गूळ वाटायला लागली. अमीनाबी गर्दीत शिरली, सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माया सुनेनं कागद भरायले लावला. माया सुनेनंच. आयकलं काय सारे?"

सुगराबीला त्या पैशापेक्षाही ते शब्द जास्त मोलाचे वाटले. ती म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळी रडली, आणि मग डोळे पुसून ताठ उभी राहिली.

पुढे गावात तिने शिलाईचं यंत्र आणलं. पोरींना जानराव गुरुजींच्या शाळेत घातलं, आणि तेव्हा धनजच्या शाळेत मुसलमानांच्या पोरी पहिल्यांदा आल्या. पण पोस्टातल्या लोकांना सांगण्यासारखं वेगळंच झालं. त्या हिवाळ्यात कारंजाच्या आसपासच्या हरकाऱ्यांपैकी अकरा जणांनी विम्याचे अर्ज भरले. त्यांतले काही अर्ज भरण्याआधी दोन-दोन कोस वाट वाकडी करून धनजला येत आणि सुगराबीच्या दारात बसत. कागद गुरुजींना विचारता आला असता, पण त्यांना तिच्याकडून ऐकायचं असे.

"भाबी, हा विमा लागू कवापासून होते?"

सुगराबी यंत्राचं चाक थांबवायची. "तुमचं पत्र तुमच्या हातात आलं, अन् तुमी सही दिली, त्या घडीपासून," ती सांगायची. "कोनी काईही म्हनो. त्या घडीपासून."

मग ती त्यांना पाणी द्यायची आणि पुन्हा चाक फिरवायला लागायची.